तक्रार केली तर घर जाईल

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यात राहणारं बिऱ्हाड छप्पर गळतं म्हणून सहसा कुणाकडे तक्रार करत नाही. गळतीखाली बादली लागते, पलंग सरकतो, कपाटावर प्लास्टिकचा कागद येतो आणि पावसाळा निघून जातो. बाहेरच्या माणसाला यात पेठांचा चिवटपणा दिसतो. कुणाला कंजूषपणा दिसतो. इतक्या कमी भाड्यात राहतात, मग पदरमोड करून चार कौलं बदलायला यांना काय होतं, असं विचारलं जातं. खरं कारण वेगळंच आहे. गळतीची तक्रार घेऊन ज्या दारी जावं, तिथे तिचं प्रकरण होतं आणि ते प्रकरण हळूहळू जागा रिकामी करण्याकडे सरकतं, हे या माणसांनी आजूबाजूच्या वाड्यांत डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून कुणी अर्ज लिहायला घेतला की शेजारीच सांगतात, "कशाला भानगडीत पडताय? उद्या दारावर नोटीस चिकटेल."

मोडकळीला आलेल्या घरात राहणाऱ्याने मदत मागितली तर घर सुटण्याची भीती, आणि नाही मागितली तर भिंत अंगावर येण्याची. माणसाला या दोन भीतींतून एक निवडायला लावणारी ही व्यवस्था अन्यायाची आहे. तिच्यात चूक कुठे आहे, हे नीट पाहायला हवं.

कागदावर भाडेकरूला हक्क आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी, चांगल्या स्थितीत ठेवणं हे घरमालकाचं बंधनकारक कर्तव्य आहे. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी, एकट्याने किंवा सगळ्यांनी मिळून, आणि तरीही काही झालं नाही तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा. इथपर्यंत सगळं ठीक वाटतं. पुढची अट मात्र सगळ्यावर पाणी फिरवते: वर्षभरात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये.

आता हिशेब करू. महिन्याला ६० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ७२० रुपये होतात. त्याचा चौथा हिस्सा १८० रुपये. पेठांमधल्या जुन्या भाडेपावत्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ६० हा आकडा नवलाचा वाटणार नाही. या १८० रुपयांत गवंड्याची दिवसभराची मजुरीही भागत नाही, मग वाळू, सिमेंट, लाकूड दूरच. म्हणजे कायद्याने भाडेकरूच्या हातात दुरुस्तीचा हक्क दिला खरा, पण त्याचं मोजमाप भाड्याला बांधून टाकलं. आणि भाडं तर कायद्यानेच गोठवून ठेवलेलं.

ते गोठलं कसं, हेही सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष मालकाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ. युद्धकाळात आणि फाळणीच्या आसपास शहरांत माणसं वाढली, घरं वाढली नाहीत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचं भाडं हे प्रमाण मानलं. त्या वेळी ते आवश्यकच होतं, कारण त्याशिवाय हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती. पण तात्पुरता म्हणून आणलेला कायदा मुदतीमागून मुदत घेत पन्नास वर्षं चालला. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात स्पष्ट म्हटलं की भाडी अशी गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अन्याय्य झालं आहे. त्यानंतर १९९९ चा कायदा आला आणि त्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. ६० रुपयांवर ४ टक्के म्हणजे २ रुपये ४० पैसे.

त्यामुळे वाड्याचा मालक हा गडगंज आणि दुष्ट माणूस असतो, हे चित्र पुष्कळदा खोटं असतं. पेठांतले कितीतरी मालक स्वतः त्याच वाड्याच्या दर्शनी दोन खोल्यांत राहतात. सातबारा नसला तरी प्रॉपर्टी कार्डावर वारसांची रांग असते: कुणी नाशिकला, कुणी अमेरिकेत, कुणी एकमेकांशी बोलत नाही. सगळ्या भाडेकरूंचं वर्षाचं भाडं एकत्र केलं तरी त्यात छपराची एक बाजू होत नाही. अशा मालकाला "तुझं कर्तव्य आहे" हे सांगणं कायद्याने बरोबर आहे, पण त्यातून तुळई बदलली जात नाही.

आणि बदलायला हवी असते ती तुळईच. पेठांतला वाडा हा मुळात लाकडाचा सांगाडा आहे. दगडी जोत्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, वर माती, आणि सगळ्यात वर कौलं. मधल्या भिंती विटांच्या, मातीच्या. सागाचं लाकूड कोरडं राहिलं तर पिढ्यान् पिढ्या टिकतं. त्याचा शत्रू एकच, तो म्हणजे मुरणारं पाणी. म्हणून पूर्वी दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शाकारणी व्हायची. माणूस छपरावर चढून फुटलेली, सरकलेली कौलं बदलायचा, पन्हळी साफ करायचा. काम दोन दिवसांचं. ते बंद पडलं की पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं आणि नेमकं तिथे जातं जिथे तुळईचं टोक भिंतीत बसवलेलं असतं. बाहेरून काहीच दिसत नाही. गिलाव्यावर एक पिवळट डाग, पावसाळ्यात ओला आणि उन्हाळ्यात फिकट. आत ते टोक मऊ होत जातं, वाळवी लागते आणि एक दिवस तुळई भिंतीतून दोन बोटं खाली बसते. त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या घराचं दार लागेनासं होतं. "दार फुगलंय" म्हणून सुताराकडून रंधा मारून घेतात. दार फुगलेलं नसतं, त्याची चौकट तिरकी झालेली असते.

यात दुसरी एक गोष्ट भर घालते. हे वाडे एका कुटुंबासाठी बांधले होते, नंतर खोली-खोलीने भाड्याने गेले. प्रत्येक बिऱ्हाडाला पाणी हवं, म्हणून माडीवर कोपऱ्याकोपऱ्यात मोऱ्या आल्या. लाकडी तळावर फरशी टाकून केलेली मोरी रोज पाझरते, बाराही महिने. वाडा खाली येतो त्याला बहुधा एखादा मोठा पाऊस कारण म्हणून सांगितला जातो, पण तो केवळ शेवटचा धक्का असतो. त्याआधीची कित्येक वर्षं कुणीतरी दोन दिवसांचं काम केलेलं नसतं.

मालकाचं दार असं बंद झाल्यावर भाडेकरू महापालिकेकडे जाऊ शकतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६४ ने आयुक्तांना धोकादायक बांधकामाबद्दल नोटीस देण्याचा अधिकार दिला आहे. त्या कलमात पाडणं, काढून टाकणं, आधार देणं आणि दुरुस्त करणं हे सगळे पर्याय आहेत. इमारतींची वर्गवारीही ठरलेली आहे. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. सी-२बी म्हणजे माणसं आत राहू देऊन दुरुस्ती करायची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. कागदावर ही शिडी चांगली आहे. पण दरवर्षी उन्हाळ्यात पेठांमधून धोकादायक वाड्यांची यादी निघते, नोटिसा लागतात, पहिल्या पायरीवरच्या वाड्यांची चर्चा होते, आणि मधल्या दोन पायऱ्यांवर असलेल्यांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. सी-२बी असा शेरा मिळालेल्या वाड्याची दुरुस्ती कुणी करायची, पैसे कुणी घालायचे, याचं उत्तर नोटिशीत नसतं. चार-पाच पावसाळे गेले की तोच वाडा पहिल्या पायरीवर आलेला असतो. पालिकेने त्याला पाडलं नाही हे खरं, पण त्याचं पाडणं होऊ दिलं, असं मी म्हणेन.

इथेच भाडेकरूच्या भीतीला आधार मिळतो. मालकाच्या बाजूच्या इंजिनिअरच्या अहवालात इमारत दुरुस्तीपलीकडे गेलेली असते. भाडेकरूंनी नेमलेल्या इंजिनिअरच्या अहवालात ती दुरुस्त होण्यासारखी असते. एकाच खांबाबद्दल दोन मतं. दोन्ही अहवालांच्या मागे लाकडाच्या मजबुतीपेक्षा जागेच्या किमतीचा विचार जास्त असतो, असा संशय दोन्ही बाजूंना येतो, आणि तो नेहमीच निराधार नसतो.

एक गोष्ट मात्र प्रत्येक भाडेकरूला माहीत असायला हवी. वाडा पाडला म्हणजे भाडेकरूचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी खटल्यात हे निःसंदिग्धपणे ठरवलं आहे: महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरार जमिनीपुरता शिल्लक राहतो. हा निकाल पेठांत घरोघरी पोहोचला असता तर कितीतरी माणसं धोकादायक खोल्यांतून वेळेवर बाहेर पडली असती. माणसं पडक्या घराला जीव मुठीत धरून चिकटून राहतात, कारण बाहेर पाय ठेवला की हक्क गेला असं त्यांना वाटतं. ही समजूत जीवघेणी आहे आणि ती दूर करण्याचं काम नोटीस बजावणाऱ्या कर्मचाऱ्यानेच त्या दारात उभं राहून करायला हवं.

उरतं न्यायालय. पुण्यात भाड्याचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. कलम १६ मध्ये मालकाला जागेचा ताबा परत मिळण्याची कारणं दिली आहेत. त्यात जागा रिकामी केल्याशिवाय न होणारी दुरुस्ती हे एक कारण आहे. परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं हे दुसरं. म्हणजे मालकाने दुरुस्ती काढली तरी ताब्याचा प्रश्न, भाडेकरूने केली तरी ताब्याचा प्रश्न. या दुसऱ्या कारणाखाली कायद्याला एक स्पष्टीकरण जोडावं लागलं आहे: स्वयंपाकघरातला ओटा, लाकडी पार्टिशन, हवेसाठी काढलेली खिडकी, फॉल्स सीलिंग ही कामं पक्कं बांधकाम धरली जाणार नाहीत. उभ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून बाईने ओटा घातला, त्यावरून घर खाली करण्याचे दावे किती झाले असतील, याची कल्पना या एका वाक्यावरून येते.

आणि न्यायालयाचा वेळ. भिडे वाड्याचं उदाहरण सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. बुधवार पेठेतल्या ज्या वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, तो राष्ट्रीय स्मारक व्हावा यावर कुणाचंच दुमत नव्हतं. तरी जागेच्या ताब्याचा वाद वर्षानुवर्षं चालला, वाडा उभ्या उभ्या ढासळत गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकालानंतर महापालिकेने तो पाडला तेव्हा जतन करण्यासारखं फार थोडं उरलं होतं. इतक्या मोलाची वास्तू खटल्याच्या काळात सांभाळली गेली नाही, तर शुक्रवार पेठेतल्या कुठल्याशा बोळातल्या वाड्याला कोण टेकू लावणार?

यावर सगळीकडे एकच उत्तर ऐकू येतं: पुनर्विकास. बिल्डर येईल, वाडा पाडेल, भाडेकरूला फ्लॅट मिळेल. काही ठिकाणी असं झालं आहे आणि तिथली कुटुंबं सुखात आहेत, हे मान्य करायलाच हवं. पण बिल्डर येतो तो जिथे गणित जमतं तिथे. पेठांतले भूखंड अरुंद आणि लांब, बोळ चिंचोळे, शेजारच्या भिंतीला भिंत. प्रत्येक वेळी गणित जमत नाही. दरम्यान "आता पाडायचंच आहे, मग कौलं कशाला बदलायची?" या एका वाक्याने शाकारणी थांबते ती कायमची. न आलेल्या बिल्डरची वाट पाहत जितके वाडे कुजले, तितके कदाचित पावसाने कुजले नसतील.

शनिवारवाड्याच्या आसपासची वस्ती तर या उत्तराच्या बाहेरच आहे. २०१० मध्ये प्राचीन स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामावर बंदी पक्की झाली. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर लेणी दोन्ही या यादीत आहेत. त्या १०० मीटरांत नवी इमारत उठणार नाही, पण परवानगी घेऊन जुनीची दुरुस्ती करता येते. म्हणजे तिथे दुरुस्ती हाच एकमेव मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे, आणि नेमका तोच कुणी चालत नाही, कारण दुरुस्तीसाठी पैसा आणि यंत्रणा या शहरात कुणी उभीच केलेली नाही.

मुंबईत ती आहे. जुन्या चाळी कोसळू लागल्यावर राज्य सरकारने १९६९ मध्ये कायदा करून इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन केलं. बेट-शहरातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसवला, त्यात भाडेकरूंचाही वाटा घेतला आणि त्या निधीतून संरचनात्मक दुरुस्तीची जबाबदारी मंडळावर टाकली. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झालं. त्या मंडळाचा कारभार आदर्श आहे असं कुणीच म्हणणार नाही. टेकू लावलेल्या इमारती तिथेही वर्षानुवर्षं तशाच उभ्या दिसतात आणि तिथेही इमारती पडल्या. पण गिरगावातल्या भाडेकरूला निदान जाण्यासाठी एक कचेरी आहे. कसबा पेठेतल्या भाडेकरूला ती नाही, कारण तो उपकर आणि ते मंडळ मुंबईच्या हद्दीबाहेर कधी आलंच नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठांमधले वाडे एका दिवसात जमीनदोस्त झाले. जुन्या घरांचा प्रश्न या शहराने त्या दिवशी इतक्या जवळून पाहिला होता, तरी पुण्यासाठी असं काही उभं राहिलं नाही, ही मला मोठी चूक वाटते.

दुरुस्तीला भाड्यापासून आणि ताब्यापासून वेगळं काढता येतं. इंग्लंडमध्ये रॉचडेल या गावी डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचं मूल गेलं. घरातल्या बुरशीमुळे जडलेल्या श्वसनाच्या आजाराने ते गेलं, असं मृत्यूच्या अधिकृत चौकशीत निष्पन्न झालं. आईवडिलांनी घर देणाऱ्या संस्थेकडे आधीच तक्रार केली होती. त्यानंतर २०२३ मध्ये कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना मुदत बांधून दिली गेली: तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल, ओल आणि बुरशीसारखा गंभीर धोका असेल तर कामाच्या १० दिवसांत तपासणी. आपली घरं वेगळी, आपले मालक वेगळे. पण त्या कायद्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे घड्याळ धोक्याला लावलं आहे. भाडं किती आहे, यावर ते चालत नाही.

पुण्यात नेमकं उलटं आहे, आणि ते फक्त पेठांपुरतं नाही. खराडी, हिंजवडी, कोथरूडमध्ये लिव्ह अँड लायसन्सवर राहणारी तरुण मंडळी महिन्याला वीस-तीस हजार रुपये मोजतात. त्यांच्या छताला वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं पाणी लागतं. मालक म्हणतो सोसायटीला विचारा, सोसायटी म्हणते मालकाला पाठवा. कलम १४ ज्याला हक्क देतं तो भाडेकरू. परवानाधारक त्यात मोडत नाही. त्याच्या हातात छापील करार असतो, आणि त्यात दुरुस्तीची कलमं बहुधा मालकाच्या सोयीने लिहिलेली. जास्त बोललं तर अकरा महिन्यांनी करार वाढत नाही. म्हणजे ज्याला हक्क आहे त्याचं भाडं इतकं कमी की हक्क चालत नाही, आणि जो भरपूर भाडं देतो त्याला हक्कच नाही. दोघेही गप्प बसतात, आणि दोघांच्याही गप्प बसण्याचं कारण एकच असतं: तक्रार केली तर घर जाईल.

महापालिका आणि राज्य सरकारकडे माझं मागणं साधं आहे. सी-२बी आणि सी-३ या दोन वर्गांतल्या वाड्यांसाठी पुण्याचा स्वतःचा दुरुस्ती निधी असावा. मालकाने मुदतीत काम केलं नाही तर पालिकेने ते करावं, खर्च मालमत्ता कराच्या थकबाकीसारखा वसूल करावा, भाडेकरूंनीही त्यात आजच्या बाजारभावाला शोभेल असा वाटा उचलावा. साठ रुपये भाडं देणाऱ्याने सगळं फुकट मागू नये, हेही मी तितक्याच आग्रहाने म्हणतो. आणि या दुरुस्तीमुळे मालकाच्या किंवा भाडेकरूच्या कुठल्याही हक्काला बाध येणार नाही, हे कायद्यातच लिहिलेलं असावं. ताब्याचा वाद मग कोर्टात वीस वर्षं चालला तरी चालेल, तोवर छप्पर तरी डोक्यावर राहील.

हे होईल तेव्हा होईल. या वर्षीचा पावसाळा त्यासाठी थांबणार नाही. म्हणून वाड्यांत राहणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: नोटीस एकट्याने पाठवू नका, सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून पाठवा, स्पीड पोस्टाने, आणि पोचपावती भाडेपावत्यांच्या फाइलमध्येच लावा. भिंतीवरच्या डागाचा फोटो आज काढा, आणि पावसाळ्यात पुन्हा. घरात वयस्क बाई असेल आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; १९८७ च्या कायद्याने महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि वाडा खरोखरच धोक्यात असेल, तर आपल्या खोल्यांचं क्षेत्रफळ पालिकेकडून मोजून, लेखी नोंदवून घ्या आणि बाहेर पडा. हक्क मागे राहतो, तो परत मागता येतो.